कंपवात आणि सिन्युक्लिन

लंडननजीक हॉक्स्टन येथे वैद्यकीचा व्यवसाय करणारे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते. त्यांपैकी काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यावर पाहिले होते. स्वस्थ बसले असतानाही हात थरथरणे, शरीर पुढे झुकणे, चालताना पावले आखूड पडत जाऊन शेवटी धावल्यासारखी गती येणे आणि हे सर्व वर्षानुवर्षे वाढत जाणे, ही लक्षणे त्यांनी इतक्या नेमकेपणाने टिपली की, पुढे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी या रोगास पार्किन्सन यांचेच नाव दिले. मराठीत त्यास कंपवात म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात या रोगाने पीडित अशा व्यक्तींची संख्या ८५ लाखांहून अधिक होती. माणसाचे आयुर्मान जसजसे वाढत आहे, तसतशी ही संख्याही वाढत आहे. रोग्याला काही वर्षे बरेच सुसह्य जीवन जगता येईल अशी औषधे उपलब्ध आहेत. परंतु रोगाची वाटचाल थांबवील असे एकही औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. याचे कारण उघड आहे. मेंदूतील विशिष्ट पेशी मरतात हे पुष्कळ काळापासून ठाऊक होते. त्या का मरतात हे ठाऊक नव्हते. या प्रश्नावर पहिला स्पष्ट प्रकाश १९९७ साली पडला आणि तो एका लहानशा प्रथिनाच्या जनुकामुळे. त्या प्रथिनाचे नाव अल्फा-सिन्युक्लिन. हे प्रथिन बाहेरून आलेले विष नव्हे, की कोणा जंतूचा अंश नव्हे. ते प्रत्येक निरोगी माणसाच्या मेंदूत असते आणि तेथे उपयुक्त काम करते. घरचेच प्रथिन घातक कसे होते, हाच या संशोधनाचा गाभा आहे.

कृष्णद्रव्य आणि डोपामीन

मेंदूच्या बुंध्याच्या वरच्या भागात डाव्या व उजव्या बाजूंस गडद रंगाचा एकेक लहान पट्टा असतो. रंगावरून त्यास कृष्णद्रव्य असे नाव पडले आहे. येथील मज्जापेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंच्या द्वारे ते मेंदूच्या गाभ्यातील, हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांना पुरवितात. कंपवाताच्या रोग्याच्या मृत्यूनंतर मेंदूचा छेद घेतला तर हा पट्टा फिकट झालेला आढळतो. रंग धारण करणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. हाताचा कंप किंवा हालचालींतील मंदपणा प्रथम ध्यानात येतो, तोवर या पेशींचा बराच मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो.

डोपामीनचे महत्त्व उघडकीस येण्यामागे दोन भारतीय वनस्पतींचा संबंध आहे. सर्पगंधेच्या मुळांपासून १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली हे रिसर्पिन सशांना दिले, तेव्हा ससे निश्चल होऊन पडले. त्यांना डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हिंडूफिरू लागले. शरीर डोपापासून डोपामीन बनविते. सबब हालचालींसाठी डोपामीन आवश्यक असावे, असा निष्कर्ष निघाला. या संशोधनाबद्दल कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९६० साली व्हिएन्ना येथे एहरिंगर व हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूत डोपामीन अत्यल्प असल्याचे दाखविले आणि १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्सियास यांनी डोपाच्या मोठ्या मात्रा तोंडावाटे देऊन रोग्यांत लक्षणीय सुधारणा घडवून आणली. आज वापरात असलेले एल-डोपा ते हेच. विशेष असे की, खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असते हे मद्रास येथे दामोदरन्‌ व रामस्वामी यांनी १९३७ सालीच सिद्ध केले होते. कंपवाताशी त्याचा काही संबंध असेल अशी कल्पना त्या वेळी कोणालाही नव्हती.

एल-डोपाने रोग्याला आराम पडतो, पण झरे बुजत चाललेल्या विहिरीत बाहेरून पाणी आणून ओतावे तसा हा उपाय आहे. पाणी मिळते; झरे बुजण्याचे थांबत नाही. झरे कशाने बुजतात हे जाणून घेण्यासाठी मज्जापेशींच्या टोकांकडे वळले पाहिजे.

विद्युत्‌-माशात सापडलेले प्रथिन

एका मज्जापेशीचा तंतू दुसऱ्या पेशीला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. दोहोंमध्ये अत्यंत सूक्ष्म फट असते. या सांध्यास सिनॅप्स म्हणतात. संदेश पाठविणाऱ्या पेशीच्या टोकाशी रसायनांनी भरलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या साठविलेल्या असतात. तंतूतून विद्युत्‌-स्पंद आला की, त्यांपैकी काही पिशव्या पेशीच्या आवरणाशी एकरूप होऊन फुटतात, आतील रसायन फटीत सांडते आणि पलीकडच्या पेशीला संदेश पोहोचतो. रिकाम्या झालेल्या पिशव्या पुन्हा आत ओढून घेतल्या जातात व भरल्या जातात. धक्क्याला पडाव लागावेत, माल उतरावा आणि रिकामे पडाव पुन्हा भरून यावेत, तसे हे चक्र आयुष्यभर चालते.

या चक्रात भाग घेणारी प्रथिने शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी टॉर्पेडो नावाच्या समुद्री माशाचा उपयोग केला. हा मासा विजेचा झटका देऊन भक्ष्य पकडतो आणि त्याच्या वीज निर्माण करणाऱ्या इंद्रियात एकाच जातीचे सिनॅप्स दाटीने भरलेले असतात. १९८८ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात मारोतो, कॅम्पानेली व शेलर यांना या माशात एक नवे प्रथिन आढळले. ते सिनॅप्सच्या टोकाशी आणि पेशीच्या केंद्रकाच्या वेष्टनातही दिसले, म्हणून सिनॅप्स आणि केंद्रकाचा लॅटिन पर्याय न्यूक्लिअस या दोन शब्दांचा संधी करून त्यास सिन्युक्लिन हे नाव देण्यात आले.

पुढे हेच प्रथिन निरनिराळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा समोर आले. १९९३ साली उएडा, साइतो व त्यांच्या सहकाऱ्यांना अल्झायमर या विकाराने पीडित मेंदूतील साक्यांत त्याचा एक तुकडा मिळाला. १९९४ साली केंब्रिज येथील संशोधकांनी मानवी मेंदूतून दोन सजातीय प्रथिने वेगळी केली व त्यांना अल्फा आणि बीटा सिन्युक्लिन म्हटले. १९९५ साली अमेरिकेत झेब्रा फिंच या चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्याचा अभ्यास करणाऱ्यांना असे दिसले की, पिल्लू ज्या काळात गाणे शिकते त्याच काळात त्याच्या मेंदूतील गायनकेंद्रात या प्रथिनाचे प्रमाण बदलते. मासा, पक्षी, मनुष्य असा हा विस्तार पाहता हे प्रथिन सिनॅप्सच्या कार्यात काही महत्त्वाची भूमिका बजावीत असले पाहिजे, एवढे निश्चित झाले. तथापि कंपवाताचा उल्लेख यांपैकी कोणत्याही शोधात नव्हता.

कॉन्तुर्सीचे घराणे

कंपवात हा आनुवंशिक रोग नव्हे, असे १९८० च्या सुमारास बहुतेक तज्ज्ञांचे मत होते. जुळ्या भावंडांच्या पाहणीत एकाला रोग असून दुसऱ्याला नसल्याची उदाहरणेच अधिक आढळत. या समजुतीला धक्का दिला तो इटलीतील एका घराण्याने. दक्षिण इटलीत सालेर्नो प्रांतात कॉन्तुर्सी नावाचे गाव आहे. तेथील एका घराण्याच्या काही शाखा अमेरिकेत स्थायिक झाल्या होत्या. न्यू जर्सी राज्यातील मज्जाविकारतज्ज्ञ लॉरेन्स गोल्बी, रॉजर डुव्हॉइसिन व त्यांचे सहकारी यांच्या असे लक्षात आले की, या घराण्यात कंपवात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्यांनी चिकाटीने वंशावळ जुळविली. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील पाचशेहून अधिक व्यक्ती तीत आल्या आणि त्यांपैकी सुमारे ६० जणांना रोग झाल्याचे दिसले. रोग्याच्या अपत्यांपैकी साधारण निम्म्यांस रोग होई. म्हणजे आईकडून अथवा बापाकडून आलेली सदोष जनुकाची एक प्रतही त्यास पुरेशी होती. रोगाची सुरुवातही नेहमीपेक्षा लवकर, सरासरी ४६ व्या वर्षाच्या आसपास, होत असे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मिहाएल पॉलिमेरोपोलस आणि त्यांचे सहकारी यांनी या घराण्यातील व्यक्तींच्या रक्ताची तपासणी केली. १९९६ साली त्यांनी दोष चौथ्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर एका विशिष्ट टापूत असल्याचे दाखविले. त्या टापूत अनेक जनुके होती. त्यांपैकी एक अल्फा-सिन्युक्लिनचे होते. जून १९९७ मध्ये निर्णायक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोगी व्यक्तींच्या या जनुकात २०९ व्या स्थानी ग्वानिनऐवजी ॲडेनिन हे अक्षर आलेले होते. अल्फा-सिन्युक्लिन ही १४० ॲमिनो आम्लांची साखळी आहे. एका अक्षराच्या या बदलामुळे साखळीतील ५३ व्या जागी ॲलानिन या आम्लाऐवजी थ्रिओनिन आले होते. हाच बदल ग्रीसमधील तीन कुटुंबांतही मिळाला. पुढे १९९८ साली एका जर्मन कुटुंबात आणि २००४ साली स्पेनच्या बास्क प्रदेशातील एका कुटुंबात याच जनुकात इतर ठिकाणी दोष सापडले.

येथे एक गोष्ट शास्त्रज्ञांना चक्रावून टाकणारी ठरली. उंदराच्या व झेब्रा फिंच पक्ष्याच्या निरोगी अल्फा-सिन्युक्लिनमध्ये ५३ व्या जागी मुळातच थ्रिओनिन असते. माणसात रोग उत्पन्न करणारे तेच अक्षर उंदरात स्वाभाविक आहे. तेव्हा थ्रिओनिन हे स्वतः काही विष नव्हे. उंदराच्या प्रथिनात इतरही काही भेद आहेत आणि त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असते. कंपवात मात्र माणसाच्या आयुष्यात कित्येक दशके दबा धरून बसतो. दोष केवळ एका अक्षरात नसून संपूर्ण साखळीच्या वागणुकीत व काळाच्या ओघात शोधला पाहिजे, असा धडा यातून मिळाला.

लेवी-पिंडांचे रहस्य

असे दोष असणारी कुटुंबे जगात फारच थोडी आहेत. सर्वसामान्य रोग्याच्या जनुकात हा बदल नसतो. मग कॉन्तुर्सीच्या शोधाचा इतर लाखो रोग्यांशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. त्याचे उत्तर दोन महिन्यांतच मिळाले.

जर्मनीत फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतील काही पेशींत गोलाकार पिंड पाहिले होते. १९१९ साली पॅरिस येथे त्रेत्याकोफ यांनी तसेच पिंड कृष्णद्रव्यात शोधून काढले व त्यांना लेवी यांचे नाव दिले. तेव्हापासून लेवी-पिंड ही कंपवाताची ओळखखूण ठरली. परंतु ते कशाचे बनलेले आहेत हे पाऊणशे वर्षे कोणालाच सांगता आले नव्हते. ऑगस्ट १९९७ मध्ये मारिया ग्राझिया स्पिलान्तिनी, मिशेल गोडर्ट व त्यांचे सहकारी यांनी अल्फा-सिन्युक्लिनला नेमके चिकटणारे प्रतिद्रव्य रोग्यांच्या मेंदूच्या छेदांवर वापरले आणि लेवी-पिंड त्यामुळे ठळकपणे रंगून उठले. हे मेंदू जनुकदोष नसलेल्या, सामान्य रोग्यांचे होते. म्हणजे एका घराण्यातील जनुकाने दाखविलेले प्रथिन हेच सर्वसामान्य कंपवाताच्या ओळखखुणेचे मुख्य द्रव्य निघाले. क्वचित आढळणारा दोष आणि नित्य आढळणारा रोग यांची गाठ येथे पडली.

थोड्याच काळात हेही उघड झाले की, लेवी-पिंडांसह होणारा स्मृतिभ्रंश आणि मेंदूच्या अनेक संस्थांचा एकाच वेळी ऱ्हास घडविणारा एक दुर्धर विकार यांतही याच प्रथिनाचे साके साचतात. २०२० व २०२२ साली अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या साक्यांतील तंतूंची रचना उलगडण्यात आली. कंपवात आणि लेवी-पिंडांचा स्मृतिभ्रंश यांत प्रथिनाची घडी एकसारखी असते. तिसऱ्या विकारात ती निराळी असते. एकाच कापडाच्या दोन तऱ्हेच्या घड्या आणि प्रत्येक घडीशी जोडलेला वेगळा रोग, असे हे विलक्षण चित्र आहे.

प्रथिनाचे मूळ कार्य

निरोगी पेशीत अल्फा-सिन्युक्लिनला ठाम असा आकार नसतो. पेशीद्रवात ते सैल दोऱ्यासारखे तरंगते. सिनॅप्समधील सूक्ष्म पिशवीचा पृष्ठभाग मिळाला की, त्याचा पुढचा भाग मळसूत्रासारखा वळतो व पिशवीला चिकटतो. २०१० साली अमेरिकेत बुरे, स्युडोफ व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, पिशव्या पेशीच्या आवरणाशी एकरूप करणारी जी प्रथिनांची यंत्रणा आहे तिच्या जुळणीस अल्फा-सिन्युक्लिन साहाय्य करते. हे जनुक काढून टाकलेले उंदीर २००० साली निर्माण करण्यात आले. ते जगले, वाढले. डोपामीनच्या स्रावात मात्र सूक्ष्म फरक पडला. सिन्युक्लिनची तिन्ही भावंडे काढून टाकलेल्या उंदरांत वय वाढल्यावर मज्जासंस्थेचे विकार दिसू लागले. याउलट, सिनॅप्सचे रक्षण करणारे दुसरे एक प्रथिन नसल्यामुळे लवकर मरणाऱ्या उंदरांना जादा अल्फा-सिन्युक्लिन मिळाले असता त्यांचा ऱ्हास टळला, असे २००५ साली आढळून आले. सारांश, हे प्रथिन सिनॅप्सचे सेवक आहे. त्याच्या सेवेची गरज उतारवयात अधिकच भासते.

प्रमाणाचा प्रश्न

असे असता ते घातक का ठरावे? या प्रश्नाचे अत्यंत बोलके उत्तर अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका घराण्याने दिले. या घराण्यात कंपवात अकाली, पुष्कळदा चाळिशीच्या आतच, सुरू होई आणि त्यासोबत स्मृतिभ्रंशही येई. २००३ साली अँड्र्यू सिंगलटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील जनुक तपासले, तेव्हा त्यातील एकही अक्षर चुकलेले नव्हते. जनुक शुद्ध होते. परंतु एका गुणसूत्रावर त्याच्या एकाऐवजी तीन प्रती होत्या. दुसऱ्या गुणसूत्रावरील एक धरून रोग्याजवळ एकूण चार प्रती झाल्या. निरोगी व्यक्तीजवळ दोनच असतात. २००४ साली एकूण तीन प्रती असलेली कुटुंबेही सापडली. त्यांच्यात रोग उशिरा सुरू होई व त्याची गती सर्वसाधारण कंपवातासारखी असे.

याचा अर्थ गंभीर आहे. प्रथिनात काहीही दोष नसताना केवळ त्याचे प्रमाण वाढले तरी रोग होतो. आणि प्रमाण जितके अधिक, तितका रोग लवकर व तीव्र. २००९ साली युरोपीय वंशाच्या आणि जपानी लोकांच्या मोठ्या पाहण्या स्वतंत्रपणे झाल्या. दोहोंत असे दिसून आले की, या जनुकाच्या परिसरातील काही सामान्य, निरुपद्रवी वाटणारे फेरफार ज्यांच्यात असतात त्यांना कंपवाताचा धोका किंचित अधिक असतो. प्रमाणातील लहानसा फरक वर्षानुवर्षे साचत गेला तर काय होते, याची ही खूण मानता येईल.

प्रमाण हे केवळ उत्पादनावर अवलंबून नसते, विल्हेवाटीवरही असते. जुनी प्रथिने मोडून टाकण्याची व्यवस्था प्रत्येक पेशीत असते. गोशे नावाच्या एका आनुवंशिक विकारात या व्यवस्थेतील एक विकर निकामी होते. त्या विकराच्या जनुकाची एकच प्रत सदोष असली तर गोशे विकार होत नाही. परंतु अशा व्यक्तींत कंपवाताचा धोका पुष्कळ वाढतो, हे २००९ सालच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीने निश्चित केले. मोरी वाहती नसली तर घरात पाणी तुंबते. पाणी स्वच्छ असले तरीही तुंबतेच.

पाक साखरतो तेव्हा

प्रथिनाचे प्रमाण वाढले म्हणजे नेमके काय घडते, हे समजण्यास स्वयंपाकघरातील एक अनुभव उपयोगी पडेल. साखरेचा दाट पाक बराच वेळ पातळ व पारदर्शक राहतो. पण त्यात साखरेचा एक न विरघळलेला कण राहिला, की त्याच्याभोवती इतर कण गोळा होतात आणि पाहता पाहता सारा पाक साखरतो. पाक जितका दाट, तितकी ही क्रिया सुलभ. अल्फा-सिन्युक्लिनच्या साखळीचा मधला भाग पाण्यापासून दूर राहू पाहणारा व एकमेकांस चिकटणारा आहे. काही साखळ्या चुकीच्या तऱ्हेने घडी पडून एकत्र आल्या, की तो पुंजका साच्याचे काम करतो. त्याला येऊन लागणारी प्रत्येक नवी साखळी तीच चुकीची घडी घेते. पुंजका लांबून तंतू होतो, तंतू मोडून त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवा कण ठरतो.

पहिला कण कसा निर्माण होतो हा प्रश्न कठीण आहे. त्यावर मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत महत्त्वाचे काम झाले आहे. समीर माजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखविले की, तंतू बनण्यापूर्वी अल्फा-सिन्युक्लिनचे रेणू अतिसूक्ष्म द्रव थेंबांच्या रूपाने एकत्र येऊ शकतात. हे थेंब आरंभी पातळ असतात. काळ जाईल तसे ते घट्ट होत जातात आणि त्यांच्यातूनच तंतू उगवतात.

या साऱ्यात पेशीला नक्की कोण मारते, याविषयी मतभेद आहेत. डोळ्यात भरतो तो लेवी-पिंड. पण घरातील केर कोपऱ्यात लोटून ठेवावा तशी ती पेशीने केलेली तजवीजही असू शकेल. अनेक संशोधकांच्या मते मोजक्या रेणूंचे लहान पुंजके अधिक घातक असतात. ते पेशीतील पडद्यांना इजा करतात आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांचे काम बिघडवितात. शिवाय पुंजक्यांत अडकलेले प्रथिन सिनॅप्सवरील आपल्या नेहमीच्या कामासाठी उपलब्ध राहत नाही. कृष्णद्रव्यातील पेशी प्रथम का बळी पडतात याचेही काही स्पष्टीकरण येथे मिळते. उंदराच्या मेंदूत अशा एका पेशीच्या तंतूला एक लाखाहून अधिक सिनॅप्स असतात असा हिशेब आहे. एवढा पसारा सांभाळणाऱ्या पेशीला थोडा बिघाडही महाग पडतो.

रोगाचा प्रवास

जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अनेक मेंदूंच्या पाहणीवरून असे मत मांडले की, अल्फा-सिन्युक्लिनचे साके प्रथम कृष्णद्रव्यात नव्हे, तर घ्राणेंद्रियाच्या केंद्रात आणि आतड्यांकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या मुळाशी दिसतात व तेथून वर सरकतात. सर्वच रोग्यांत हा क्रम आढळत नाही. परंतु वैद्यांच्या अनुभवाशी तो बऱ्याच अंशी जुळतो. वास न येणे, मलावरोध आणि झोपेत स्वप्नांनुसार हातपाय झाडणे ही लक्षणे पुष्कळ रोग्यांत कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी असतात. अर्थात ही लक्षणे असणाऱ्या प्रत्येकास कंपवात होतो असे नाही. सर्दी, आहार व वार्धक्य अशी त्यांची साधी कारणे कितीतरी असतात.

साके एका पेशीतून दुसरीत जातात काय? २००८ साली याविषयी अनपेक्षित पुरावा हाती आला. काही रोग्यांच्या मेंदूत उपचार म्हणून भ्रूणातील डोपामीन-पेशींचे रोपण करण्यात आले होते. ११ ते १६ वर्षांनंतर ते रोगी मरण पावले, तेव्हा रोपण केलेल्या त्या कोवळ्या पेशींतही लेवी-पिंड आढळले. ज्या पेशींचे वय उणेपुरे दीड तपाचेही नव्हते त्यांत वार्धक्यातील रोगाची खूण उमटली होती. शेजारच्या रोगग्रस्त पेशींकडून चुकीच्या घडीचे बीज त्यांच्यात शिरले असावे, असा अर्थ बहुतेकांनी लावला. माणसामाणसांतील सहवासाने मात्र कंपवात पसरत नाही, हे रोग्याच्या आप्तांनी ध्यानात ठेवावे.

निदान आणि उपचार

बीजाची ही कल्पना आता निदानासाठी उपयोगात येत आहे. रोग्याच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाचा थेंब प्रयोगशाळेत शुद्ध अल्फा-सिन्युक्लिनमध्ये मिसळतात. द्रवात चुकीच्या घडीचे बीज असेल तर प्रथिन साखरू लागते. नसेल तर तसेच राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, एक हजाराहून अधिक व्यक्तींच्या पाहणीत कंपवाताच्या रोग्यांपैकी सुमारे ८८ टक्क्यांत ही चाचणी होकारार्थी ठरली. ज्यांना अद्याप कंप नाही, परंतु वास येत नाही किंवा झोपेतील तो विशिष्ट विकार आहे, अशांपैकी बहुसंख्यांतही ती होकारार्थी आली. पेशींचा नाश पुढे जाण्यापूर्वीच रोग ओळखण्याची वाट त्यामुळे दिसू लागली आहे.

उपचाराची वाट मात्र अजून बिकट आहे. साके वेचून नेण्यासाठी तयार केलेल्या दोन प्रतिद्रव्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ साली जाहीर झाले. रोगाची गती मंद करण्याचे जे मुख्य उद्दिष्ट होते ते दोहोंपैकी एकातही साधले नाही. औषध उशिरा दिले गेले, की ते पेशीच्या आत पुरेसे पोहोचले नाही, की लक्ष्यच चुकले, याचा विचार चालू आहे. अन्य संशोधक जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे प्रमाणच कमी करण्याचे मार्ग शोधीत आहेत. काही जण पेशीतील विल्हेवाटीची व्यवस्था बळकट करू पाहत आहेत. आणि काही जण पाकात लिंबू पिळल्याने तो साखरत नाही त्याप्रमाणे प्रथिनास सैल, निरुपद्रवी रूपातच राखणाऱ्या द्रव्यांच्या मागावर आहेत.

या प्रत्येक प्रयत्नापुढे एकच अडचण आहे. शत्रू समूळ नाहीसा करावा असा हा संग्राम नव्हे. ज्या प्रथिनाला आवर घालावयाचा तेच सिनॅप्सचे सेवकही आहे. ते फार वाढले तर पेशी मरतात आणि अजिबात नाहीसे झाले तर सिनॅप्सचे वार्धक्य लवकर ओढवते, असा उंदरांवरील प्रयोगांचा इशारा आहे. तेव्हा त्याचे प्रमाण किती उतरवावे, कोणत्या वयात उतरवावे आणि कोणाच्या बाबतीत उतरवावे, हे ठरविल्याखेरीज औषध सुरक्षित होणार नाही. आयोवाच्या घराण्यात चार प्रतींनी जे केले आणि ग्रीस-इटलीतील घराण्यांत एका अक्षराने जे केले, ते सामान्य रोग्याच्या मेंदूत वर्षांच्या ओझ्याने होते. या तीन वाटा जेथे एकत्र येतात ती जागा विज्ञानाला आता ठाऊक झाली आहे. तेथे वेळेवर बांध घालता आला, तर एल-डोपाने केवळ सुसह्य होणारा हा रोग अडविताही येईल.